विहीर बंद करण्याचा कागद

सव्विसाव्या वर्षी मी दोन उद्योग एकदम अंगावर घेतले. जळगावहून सोडावॉटरचं यंत्र आणून आमच्या तालुक्याच्या गावी कारखाना काढला आणि त्याच साली नगरपालिकेत निवडून आलो. थोरल्या सभासदांनी मला आरोग्य समितीचा अध्यक्ष केलं. मी हुरळलो. मोऱ्या आणि उकिरडे कोणालाच नको होते, हे मागाहून कळलं.

चैत्रातली देवीची यात्रा दोन दिवसांवर आली होती. आमच्या खऱ्या विक्रीचे दिवस तेच. नेमके तेव्हाच सॅनिटरी इन्स्पेक्टर कागद घेऊन कारखान्यात आले. मागच्या गल्लीत एका बाईला पटकी झाल्याचा संशय होता. तिच्या घरचं पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीचं आमच्या बाटल्यांत जायचं.

"विहीर आजच बंद करून औषध टाकायला हवं, भाऊ. तुमची सही लागेल."

"पटकीच आहे, अशी खात्री झाली का?"

"खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं."

हे मलाही ठाऊक होतं. समितीच्या पहिल्या बैठकीत मीच तावातावाने तसं बोललो होतो. तरी "उद्या बघू" म्हणालो आणि कागद गल्ल्याखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्यांची बैलगाडी यात्रेच्या मैदानाकडे गेली. भरलेली प्रत्येक बाटली मी उजेडात धरून बघत होतो, जशी काही पटकी डोळ्यांना दिसणार होती.

यात्रेच्या आधी आई बाटल्यांचं एक खोकं देवीला दाखवून गल्लीतल्या बायकांना वाटणार होती. दुपारी ती खोकं न्यायला आली तेव्हा माझा धीर सुटला.

"माय, हाई नको लई जाऊ. तू बी पिऊ नको."

"काबरं?"

मी सगळं सांगितलं. तिने उचललेलं खोकं खाली ठेवलं.

"माले तू सांगं. बठ्ठा लोकेसले कोन सांगी?"

बाकी साऱ्या लोकांना कोण सांगणार, हा तिचा सवाल ऐकून मी सही केली, विहिरीत औषध टाकायला लावलं आणि तसाच मैदानाकडे पळालो. आदल्या दिवशीच येऊन उतरलेल्या यात्रेकरूंत निम्म्या बाटल्या खपल्या होत्या. उरलेल्या लोकांदेखत मातीत ओतल्या. पुढे कित्येक दिवस कुठून रडणं ऐकू आलं की मी उठून त्या घराकडे चौकशीला जायचो. ती आजारी बाई वाचली. पण आमचा सोडा पिऊन आपापल्या खेड्यांना परतलेल्या माणसांचं काय झालं, ते मला आजवर कळलेलं नाही.

नगरपालिकेच्या सभेत माझा सत्कार झाला. या तरुणाने स्वतःचं नुकसान सोसून गाव वाचवलं, असं नगराध्यक्ष म्हणाले. इन्स्पेक्टरांना मधला एक दिवस ठाऊक होता. तेही टाळ्या वाजवत होते. मी मान खाली घालून हार घालून घेतला. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही.

घरी येऊन हार घेऊन देवघराकडे वळलो, तर आई दारात आडवी उभी राहिली.

"हाऊ हार मना देवले नको घालू," ती म्हणाली.