हिरव्या केसांच्या आधीचा

टीव्हीवर तो हिरव्या केसांचा बाहुला आला की आमच्या घरात सगळे आवाज वाढवतात आणि मी कुकर लावायला उठते. कुकर आधीच लागलेला असला तर भांडी घासते. लहान मुलांना गमतीगमतीत वाचायला शिकवणारा कार्यक्रम आहे, लोक कौतुकानं बघतात. बाहुल्याच्या आत जो हात आहे तो आमच्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा. आवाजही तिचाच. माझं त्यात काय आहे ते कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते: बाहुला मी केला.

आमची शाळा झरी जामणीच्या जंगलाकडच्या बाजूला, दोन शिक्षकांची. मी मोठी बाई, ती धाकटी. पहिलीतली बरीच लेकरं घरी कोलामी बोलणारी. आमच्या मराठीपुढं त्यांच्या तोंडाला कुलूप. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की बाहुली करा, लेकरं माणसाशी बोलत नाहीत ती बाहुलीशी बोलतात. शिवणटिपण मला येतं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. तिला सुईत धड दोरा ओवता येत नाही. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.

पहिला बाहुला मी नवऱ्याच्या मोज्याचा केला. डोळ्यांना शर्टाची बटणं लावली, कान लावले, आणि तो थेट बकरीसारखा दिसायला लागला. लेकरांनी त्याला पाला दाखवला. दुसरा मात्र मी जीव लावून केला. रद्दीचा लगदा, त्यात चिकटपणाला मेथीची पूड, आणि आत भरायला घरचा कापूस. आमच्याकडे शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा थोडा कापूस कोपऱ्यात पडून होता. तोच मूठमूठ उचलला, फडक्यात ठासून गोळा बांधला आणि वरून लगदा थापला. नाकडोळे असे काढले की काय सांगू. श्रावणाची दमट हवा, डोकं वाळता वाळेना, म्हणून वर्गाच्या खिडकीत ठेवलं.

आठवड्याभरानं सकाळी शाळा उघडली तर डोक्याला तडा गेलेला आणि टाळूतून हिरवे कोंब वर आलेले. आतल्या कापसात सरकी तशीच होती. ओल मिळाली, ऊब मिळाली, ती उगवणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापूसवाल्याच्या घरची बाई मी, सरकी ओलीत ठेवली की काय होतं हे मला कळू नये?

"फेकून दे ते," मी धाकटीला म्हणाले. "सडून राह्यलं." आणि तिची वाट न बघता मीच ते उचलून उकिरड्याकडे निघाले.

"थांबा ना ताई," म्हणत तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं. वर्गात गेली, आत बोट खुपसलं आणि नाकातून बोलायला लागली, "पाहा रे, मले केस आले. तेल लावून द्या ना कोणी."

पहिलीतली एक मुलगी, जून महिन्यापासून जिनं हूं की चूं केलं नव्हतं, ती उठली, आपल्याच तेलकट डोक्याला हात पुसून त्या कोंबांना तेल लावू लागली आणि त्याच्याशी कोलामीत काहीबाही बोलत राहिली. पाठोपाठ सगळा वर्ग बोलता झाला. मीही हसले, हे कबूल करते. दोनतीन दिवसांत कोंब सुकले. मग धाकटी म्हणाली, "ताई, हिरव्या लोकरीचे केस करून द्या ना." मी तिसरा बाहुला केला, तेवढ्यापुरता तिच्या सांगण्यावरून.

पुढं करोनात शाळा बंद होत्या त्या काळात आम्ही लेकरांसाठी मोबाईलवर धडे चित्रित केले. बाहुला तिच्या हातात, मोबाईल माझ्या. त्यामुळे त्या धड्यांत मी कुठंच नाही. ते धडे एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर करत पुण्यापर्यंत गेले आणि टीव्हीवाल्यांचा फोन आला तो तिला. तिथल्या कारागिरांनी फोमचा नवा बाहुला केला, पापण्या मिटणारा. केस तेवढे हिरवेच ठेवले. आता ती सुट्टीत चित्रीकरणाला जाते, येताना न चुकता माझ्यासाठी बाकरवडी आणते. ती चांगली आहे, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. एखादी तोरा मिरवणारी असती तर बिनधास्त जळता आलं असतं. मी तिच्यासमोर बाकरवडी खाते, छान आहे म्हणते, आणि घरी येऊन अर्धा दिवस धुमसते.

या वर्षी त्या कार्यक्रमवाल्यांना बाहुल्याची कोणी न पाहिलेली जुनी रूपं हवी होती. एक छोटी फिल्म करायची होती. तिनं त्यांना सांगितलं, तिन्ही बाहुले ताईंच्या पेटीत आहेत, ताईंनाच बोलतं करा. ते ऐकून मला चार दिवस झोप नीट आली नाही. आपलाही दिवस येतो म्हणतात तो हाच, असं वाटलं. लग्नाकार्यात नेसते ती जांभळी साडी काढली. काय बोलायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं.

चित्रीकरणाला तीन पोरंपोरी शाळेत आली. त्यांनी बाकावर पांढरं कापड अंथरलं आणि एकेक बाहुला असा हळू ठेवला की जणू तान्हं बाळच. दुसऱ्याच्या टाळूवर सुकलेल्या कोंबांच्या काड्या अजून होत्या. त्यांनी त्याच्याच मागं बराच वेळ घालवला. मी मोजा सांगितला, लगदा सांगितला, सरकीची फजितीसुद्धा हसत हसत सांगितली. मग त्यातल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पण हे कोंब म्हणजे केस, ही कल्पना मुळात कोणाची?"

खरं काय ते तुम्हाला आता माहीत आहे. मी तर ते डोकं उकिरड्यावर टाकायला निघाले होते. धाकटी माझ्या उजव्या हाताला तीन पावलांवर उभी होती. मी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"माझी," मी म्हणाले.

मुलीनं तिच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "ताईंचीच."

बस, इतकंच. तोंड वाकडं नाही, डोळा वर नाही. पोरांनी सामान आवरलं, आमच्या दोघींचा एकत्र फोटो काढला आणि सगळी निघून गेली. धाकटीनं फळा पुसला, खिडक्या लावल्या. मी वाट बघत होते की ती काहीतरी टोचून बोलेल. बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, आणि हिशोब फिटला असता.

आम्ही दोघी मुकुटबनहून तिच्याच स्कूटीवर येतो-जातो, ती पुढं, मी मागं. अर्ध्या रस्त्यात मला राहवलं नाही.

"तू खरं काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

तिनं मागं वळून बघितलं नाही. रस्ता खड्ड्यांचा होता.

"जाऊ द्या ना ताई," ती म्हणाली. "तुमाले लय दिवसापासून पाहिजे होतं ते."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. बाकरवडी खाताना मी जे वरवर छान म्हणायची तेसुद्धा. ती गाडी सावकाश चालवत होती, मला धक्के बसू नयेत म्हणून, आणि मुकुटबन यायला अजून बराच वेळ होता.