लेकीने बनवलेला ब्रेक

रोह्यात आमचा जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. वडिलांनंतर तो मीच चालवला. यंदा नजर अधू झाली, मापं चुकायला लागली, म्हणून मी निवृत्त व्हायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी ब्रेकचा पिस्टन पहिल्यांदाच माझ्या मुलीने एकटीने बनवला. तो बसवून ती गाडी चालवून बघायला निघाली, तेव्हा मी दार धरून उभा राहिलो.

"एकदा खोलून बघू दे मला."

"नाय बाबा. मी नीट मापलंय."

मी तिच्या शेजारी बसलो. वरसे गावाच्या पुढे उतारावर गाडीने वेग घेतला आणि वळणापलीकडे एक टेम्पो रस्त्यातच बंद पडलेला दिसला. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला, पण माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. तिने ब्रेक दाबला. गाडी जराही एका बाजूला न ओढली जाता, टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली.

मुलगी घामाने भिजली होती. मी म्हटलं, "उद्यापासून मी कारखान्यात येत नाय."

"घाबरलात?"

"व्हय. पण म्हणून नाय. आता मी खोलून बघायची गरज नाय."

दुसऱ्या दिवशी मी घरीच थांबलो. सकाळभर जीव टांगणीला लागला होता. काही विचारायला तिचा एकदाही फोन आला नाही.