अक्कासाठी नवं कार्ड

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, गिऱ्हाईकच काउंटरवर ठेवून जातं. माझ्याकडे सगळ्यांची सुरुवात एकच. 'नवं ग्राफिक्स कार्ड कधी येणार? कितीला पडंल?' आणि माझं उत्तर ठरलेलं: 'थोडं थांबा!'

*

जळकोटचे एक पालक आले. मुलगा मेडिकलच्या क्लासला.

'पोरगं म्हणतंय, नवं कार्ड दुप्पट पळतंय. मग मार्क किती वाढतेल?'

'काका, त्यावर गेम पळतात.'

काकांनी मुलाकडे पाहिलं. 'मग ते कार्ड बाजारात यायच्या आधी परीक्षा उरकून घे, बाबा!'

*

थांबायचा मंत्र मला नांदेडच्या सलीमभाईचा. मला माल तोच पुरवायचा. 'भाई, अभी मत लेव. नवा माल येऊन राहिला. जुन्याचा भाव धाडकन पडतो बघ!'

एका वर्षी कॉम्प्युटरवर आभासी नाणी काढणाऱ्यांनी सगळी कार्डं उचलली. नव्याबरोबर जुन्याचाही भाव दुप्पट! मी चिडून फोन केला.

'मैं बोला था ना, भाव हलेगा? किधर कू, वो कब बोला?'

*

आता माने सर. निवृत्त चित्रकला शिक्षक. भूकंप झाला तेव्हा सर लातूरला, थोरली बहीण अक्का सासरी, म्हणून दोघं वाचले. आईवडील गावातल्या घरात, पहाटे झोपेतच गेले.

पुनर्वसनाच्या नव्या गावात सगळी घरं एका मापाची, रांगेत. म्हणून सर जुनं गाव कॉम्प्युटरवर घरागणिक बांधत होते, पडद्यावर चालत फिरता येईल असं. पण तिसऱ्या गल्लीत शिरलं की मशीन गोठायचं, आणि त्यांचं घर पाचव्या गल्लीत. अक्काची नजर काचबिंदूने अधू होत चालली होती.

'तिला दिसतंय तोवर दाखवायचंय,' म्हणायचे.

'सर, दिवाळीपर्यंत थांबा. पुढचं येतंय, कमी भावात दुप्पट वेग!'

असं मी त्यांना चारदा सांगितलं. पेन्शनवाल्या माणसाचा फायदा करून देतोय, या तोऱ्यात. आता लाज वाटते.

चौथ्यांदा सर हसून म्हणाले, 'तुमच्या कार्डापेक्षा आमचं पुनर्वसन लवकर झालं हो!'

*

शेवटी कार्ड आलं. मी स्वतः बसवलं. सर अक्काला दुकानात घेऊन आले, हाताला धरून. तोवर तिचे दोन्ही डोळे गेले होते. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

तिला स्टुलावर बसवून सरांनी माउस हातात घेतला. तिसरी गल्ली सुरळीत गेली. 'सर, अडकलं नाही!' मी ओरडलो आणि जीभ चावली.

'अक्का, मारुतीच्या पारापाशी आलो.'

'डाव्या अंगाला आड हाय. जपून चल.'

आड डावीकडेच होता. अक्का वळणं सांगत गेली, सर चालत गेले. चौथी गल्ली, पाचवी.

'अक्का, आपलं दार आलं. उघडू?'

अक्काने चाचपडत त्यांचं मनगट धरलं.

'नगं. उजाडलं न्हाई आजून. आई निजलीय.'

सरांनी माउसवरचा हात काढून घेतला.