बिनआवाजाचा ओटा

बीरगांवच्या त्या गल्लीत कोणाच्या घरी दूध भांड्याच्या बुडाले लागलं, तर घरच्या बाईच्या आधी कलावतीले कळायचं. आपल्या ओट्यापासूनच ती हाक मारे, "अवो साहूबाई, गॅस बंद करा, दूध लागून राहिलं!" आन् पलीकडे साहूबाईची पळापळ ऐकू येई.

कलावती वर्ध्याकडची. लग्न होऊन रायपुरात आली तवा नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता. त्यानं बीरगांवात जागा घेतली, घर बांधलं, रिटायर झाला आन् गेला. मागं राहिलं ते घर, निरंजन नावाचा एक पोट्टा, आन् बाईचं नाक.

नाकाचा बोलबाला साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. गावाकडून तुपाचा डबा आला की बाया तो आधी कलाकाकूपुढे ठेवत. काकू झाकण उघडून नुसता तोंडाजवळ नेई आन् सांगे, "म्हशीचं आहे. कढवताना पोरीचं ध्यान मोबाईलमध्ये होतं." ज्या पोरीनं कढवलं ती लाजून पळे. लग्नाचा खवा, लोणच्याचं तेल, पूजेचं दूध, सारं तिच्या नाकाखालून जाई.

मंग ते मोठ्या बिमारीचं साल आलं. तवा अर्ध्या गल्लीचं नाक गेलं होतं, आन् साऱ्याइचं परत आलं. कलावतीचं नाही आलं. आज येईल, उद्या येईल, असं करत तिनं वाट पाह्यली. हिंगाची डबी नाकाले लावून पाह्यली, तर जशी रिकामी डबी. घासलेट हुंगलं, तर पाणी. जिभेवर मात्र खारट, गोड, आंबट, कडू तेवढं शिल्लक होतं. बाकी अन्न म्हणजे गरम चिखल.

तिनं कोणाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सून देवश्री म्हणाली असती, "आई, तुम्ही आता आराम करा." आन् आराम कसा असते, ते कलावती रोज पाहून राहिली होती. समोरच्या घरची म्हातारी आरामच करत होती, दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मांडीवर रिकामे हात घेऊन.

म्हणून कलावती कानानं आन् डोळ्यानं रांधू लागली. मोहरी तडतडली की समजायचं. कांद्याचा रंग पाहायचा. दूध वर येताना भांड्यात कुजबुजते, ते ऐकायचं. जुनी शेगडी तर मोठी बोलकी होती, नळी उघडी राह्यली की सापासारखी फुसफुसे. आन् कोणी तूप घेऊन आलं, तर काकू आधी तिच्या तोंडाकडे पाहे. "तुले काय वाटते?" समोरची म्हणे, "काकू, मले थोडं जुनं वाटते." मंग काकू डबा हुंगल्यासारखा करे आन् म्हणे, "जुनंच आहे." बाया म्हणत, वा!

असं निभून चाललं होतं. निभलंही असतं. पण बाजूच्या उरला वस्तीतली धूळ आडवी आली.

उरल्याच्या कारखान्याची काळी धूळ बीरगांवच्या घरात पाहुण्यासारखी येत नाही, भाडेकरूसारखी राहते. सकाळी ओटा पुसा, संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहा. देवश्री ऑफिसातून आली की पहिले भांडी धुवे, मंग त्याच भांड्यात रांधे. एक दिवस तिनं पोळीपाट आपटला.

"बस झालं आता. नवं किचन करू. सगळं बंद, सगळं फिट. खिडकीबी पक्की काचेची, उघडायचीच नाही."

"खिडकी राहू दे वो," कलावती म्हणाली.

"काहून? खिडकीतूनच तर येते सारी."

काहून, ते कलावतीले सांगता येत नव्हतं.

रविवारी तिघं शहरातल्या पंडरी भागात गेले. कपड्याच्या बाजारापुढं एक मोठं दुकान होतं, आत गारेगार, आन् दहा घरचे ओटे ओळीनं मांडलेले, एकाही ओट्यावर मिठाचा दाणा नाही. सुशील नावाचा पोरगा माल दाखवायले आला. मायबाप मराठी, पण पोरगं हिंदीतच उत्तर देणारं.

"आंटी, ये देखिए." त्यानं एक खण बाहेर ओढला, डाळीनं भरलेले डबे त्यात, आन् बोटाच्या टोकानं आत ढकलला. खण वेगानं गेला, शेवटी थबकला, आन् आपलाआपण हळूच मिटला. "आवाज ही नहीं."

कलावतीनं तो पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. कान देऊन ऐकलं. खरंच आवाज नव्हता. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा खण बंद झाला.

देवश्री मोठी पारखी. तिनं फळीची कड नखानं खरवडून पाह्यली, बिजागऱ्या उघडझाप करून पाह्यल्या, पाण्यानं फुगणार तर नाही म्हणून ओल्या फडक्यात ठेवलेला तुकडा मागून पाह्यला. सिलिंडर ओट्याखाली, दाराआड. दार गुळगुळीत, इलायची रंगाचं.

"ह्या दाराले जाळी नाही का भाऊ?" कलावतीनं विचारलं.

"जाळी से लुक जाता है आंटी. नीचे छेद दिया है ना, हवा के लिए."

मंग शेगड्या. दोन होत्या. एकीवर हात ठेवून सुशील म्हणाला, "इसमें लौ बुझी, तो गैस अपने आप बंद."

"दूध उतू गेलं तरी?"

"हव आंटी. दूध गिरे, हवा लगे, कुछ भी हो."

कलावतीचा हात त्या शेगडीवर गेला आन् तिथंच राह्यला. पण देवश्रीचा जीव दुसरीवर होता. काळी काच, चार बर्नर, दाराच्या रंगाले शोभणारी, आन् दुकानात तयार. पहिली बाहेरून मागवा लागत होती. नव्या किचनच्या पूजेची तारीख तर धरली होती, गल्लीले आवतण गेलं होतं.

"आई म्हणते ती घ्यायची का मंग?" देवश्रीनं नवऱ्याले विचारलं. खरं विचारलं, टोमणा नव्हता.

निरंजन रोलिंग मिलमध्ये गाड्या भरून पाठवायच्या कामावर. सुटीच्या दिवशीबी त्याच्या कानाले फोन. त्यानं फोन खिशात टाकला आन् हसला. "आम्हाले ते मशीन कायले पाहिजे भाऊ? आमच्या घरी आई आहे. गॅस सुटला तर सिलिंडरच्या आधी तिले कळते."

"तब तो आंटी को ही फिट कर देते हैं," सुशील म्हणाला.

सारे हसले. कलावतीबी हसली. बोलायची वेळ हीच होती, आन् ते तिले कळत होतं. शब्द जिभेवर आला. पण सोबत ती प्लास्टिकची खुर्चीबी आली, आन् मांडीवरचे रिकामे हात.

"देवश्रीले आवडली तेच घे," ती म्हणाली, आन् हात काढून घेतला.

कारागीर आले, जुना ओटा फोडला, नवा बसवला. जुनी शेगडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर खणखणत गेली. त्या स्वयंपाकघरातला तो शेवटचा आवाज. नंतर कलावती तिथं उभी राहे तर आपला श्वास तिले मोठा वाटे.

पूजेच्या दिवशी नव्या शेगडीवर पहिले दूध उतू घालायचं, ही रीत. वर्ध्यात चूल बदलली तरी हेच करत. चुलीत दूध सांडलं तर राख ओली होते, बाकी काही होत नाही. गॅसवर सांडलं तर काय होते, हा विचार त्या दिवशी तिथं जमलेल्या एकाही बाईले आला नाही. कलावतीलेबी नाही.

ओट्यावर दिवा होता. पण निरंजननं पाहुण्याइले दाखवायले वरची चिमणी सुरू केली, "पाहा, धूर कसा ओढते," आन् धुराआधी दिवाच विझला. "राहू दे, मंग लावू," कोणीतरी म्हणालं. चिमणी बंद केली. दूध चढलं. फुगलं. काठावर क्षणभर थांबलं आन् काळ्या काचेवर पांढरं पसरलं. "उतू गेलं, उतू गेलं!" बायाइनं टाळ्या पिटल्या, मोबाईल वर झाले. साहूबाई म्हणाली, "अब इस घर में कभी कमी नहीं होगी." अंगणातून निरंजननं हाक दिली, "चला, पानं वाढली!" आन् सारा घोळका बाहेर गेला. देवश्रीनं जाताना काचेचं दार लावलं, धूळ नको म्हणून.

"मी दिवा लावून येतो," कलावती म्हणाली, आन् एकटी राह्यली.

तिनं फडक्यानं दूध पुसलं. भांड्याखाली जाळ नव्हता. बंद केला वाटते देवश्रीनं, तिनं मनात म्हटलं. जुनी शेगडी असती तर बोलली असती. ही बोलली नाही. कलावतीनं दिव्यात तेल ओतलं. वात चिमटीनं सरळ केली. घाई नव्हती, नव्या ओट्यावरचा दिवा होता. पदराले हात पुसले. काडीपेटी उघडली. काडी काढली.

दार उघडलं. देवश्री वाढायचा डाव न्यायले आली होती. कलावतीनं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाह्यलं. आधी सुनेचं नाक आखडलं. मंग डोळे मोठे झाले.

"आई," देवश्री अगदी हळू म्हणाली, "काडी खाली ठेवा."

काडी खाली पडली. देवश्री पावलं जपून आली, बटण फिरवलं. तिचा हात खिडकीकडे गेला आन् काचेवरच अडला. ती खिडकी उघडणारी नव्हतीच. मंग तिनं दार सताड उघडलं आन् सासूले दंडाले धरून मागच्या ओसरीत नेलं. समोरच्या अंगणात लोक मठ्ठ्यावर मठ्ठा मागून राहिले होते.

"तुम्हाले वास नाही आला?"

"नाही."

"कवापासून?"

"त्या बिमारीपासून."

देवश्रीनं अंगणाकडे एक नजर टाकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "कोणाले सांगू नका. यांनाबी नका सांगू. आपल्या घराचं नाक आहे ते." आन् पदर सारखा करून वाढायले गेली.

त्या दिवसापासून कलावतीचं सारं तसंच राह्यलं, आन् काहीच तिचं नाही राह्यलं. ऑफिसले जाताना देवश्री ओट्याखालचा कॉक बंद करे, सिलिंडरच्या दाराले कुलूप लावे, किल्ली पर्समध्ये. दुपारचा चहा थर्मासमध्ये ठेवलेला राहे. संध्याकाळी कलावती शेगडीपुढं उभी, आन् मागून देवश्रीचा हळू आवाज, "आता टाका. आता उतरवा." येणाऱ्याजाणाऱ्या बाया म्हणत, सासूसुनेचं काय जमते, एकमेकींले सोडत नाही!

आन् एका सकाळी साहूबाई खव्याचा डबा घेऊन आली. तिच्या पोरीची सगाई त्याच दिवशी होती.

"काकू, सूंघ के बताओ ना. गुलाबजामुन बनाना है, पूरा पारा जीमेगा. कढ़ाई चढ़ा के आई हूं."

कलावतीनं साहूबाईच्या तोंडाकडे पाह्यलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. मंग सुनेकडे. देवश्री पर्स खांद्याले लावून निघतच होती. तिनं डब्यावर मान झुकवली न झुकवली आन् म्हणाली, "चांगला आहे ना आई?" हे विचारणं नव्हतं. हे सांगणं होतं.

कलावतीनं चिमूटभर खवा जिभेवर ठेवला. गोडसर. त्यामागं आंबट. आन् सगळ्यात शेवटी, घशापाशी, कडू. तिनं दुसरी चिमूट घेतली. कडूच.

"साहूबाई, हा नको वापरू."

"देवश्री तो अच्छा बोल रही है!"

कलावतीनं सुनेकडे पाह्यलं नाही. "माहं नाक गेलं आहे साहूबाई. मोठ्या बिमारीपासून मले वास येत नाही. पण जिभेले कडू लागून राहिलं. फेक तो खवा."

साहूबाईनं डबा जवळ ओढला. मंग पोट धरून हसली. "आपकी नाक गई! काकू, आप भी ना, सगाई के दिन मजाक!" आन् हसतहसतच देवश्रीकडे पाह्यलं.

देवश्रीनं उघडा राह्यलेला खण बोटानं ढकलला. तो गेला, थबकला, आन् आपलाआपण मिटला.

"आई गंमत करून राहिल्या," ती म्हणाली. "न्या तुम्ही."

साहूबाई डबा घेऊन गेली. देवश्रीनं काचेचं दार लावलं. कलावतीनं तिथूनच जुन्या सवयीची हाक मारली, "अवो साहूबाई!" पण हाक काचेले लागून घरातच राह्यली.

"कडू होता तो," ती सुनेले म्हणाली.

"मले नाही वाटला. आन् आता काय, चार लोकाइपुढे सांगून बसता? उद्या ह्या घरचं पाणी कोण पेईल?" देवश्रीचा आवाज पहिल्यांदा चढला. "बसा तुम्ही. आराम करा."

कलावतीनं दार उघडलं. देवश्री मागून म्हणाली, "आई, धूळ येते." ती चपला न घालता गल्लीत उतरली. समोरच्या दारातली खुर्ची तिच्याकडे पाहत होती. साहूबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आन् आतून गरम कढईत पहिला घाणा सोडल्याचा आवाज आला, चर्र.

तिनं साहूबाईचं फाटक लोटलं. लोखंडी फाटक साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असं करकरलं.