माझा अड्डा, त्याची सही

चांगलं काम केलं की नाव आपोआप होतं म्हणे! कोण म्हणतं ते एकदा समोर येऊ दे.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत कोण किती मोठा हे क्वार्टरवरून कळायचं. बाबा ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणून आम्ही दोन खोल्यांत. मोठे साहेब बंगल्यात. त्यांचा मुलगा कॉलेजात होता, माझी नुकतीच बारावी झालेली. सुपरहिरोंचा तो फाशांचा खेळ त्यानेच आणला. ऑफिसर्स क्लबात टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक हिरो व्हायचं, आणि एकाने खेळ चालवायचा. खलनायक, त्याची माणसं, त्याचे डाव, सगळं त्या एकाच्या हातात. दर वेळी हाच चालवायचा. मी म्हटलं, मलाही चालवायचाय.

"पहले विलन का अड्डा बना के ला," तो म्हणाला, "फिर तू ही चलाना."

झालं! तीन आठवडे मला दुसरं काही सुचेना. मंडीदीपच्या पलीकडे एक बंद कारखाना कल्पला. उडणाऱ्या हिरोसाठी इतकं बुटकं छत, की उडाला की डोकं आपटलंच. अदृश्य होणाऱ्यासाठी जमिनीवर बारीक राख, पावलं उमटायला. भिंती फोडणाऱ्यासाठी एक कच्ची भिंत, आणि तिच्यामागे पाण्याची टाकी. फोड म्हणावं, आणि बूड! पळायचा बोगदा थेट हबीबगंज स्टेशनच्या रेल्वे यार्डात. बाबांनी ट्रेसिंग पेपर दिला, स्केल दिली, आणि दार अरुंद काढलं म्हणून ओरडलेसुद्धा. "खलनायक झाला म्हणून काय, त्याची क्रेन आत जायला नको?"

शेवटी कोपऱ्यात ऑफिसच्या नकाशांवर असतात तशा चौकटी आखल्या. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिलीत मी सही केली, दुसरीत बाबांनी हसत हसत. तिसरी आम्ही दोघांनीही कोरी सोडली. मूर्खपणा, दुसरं काय! पण आमच्या घरात ती चौकट आपली नसायचीच, ती साहेबांची.

त्याने नकाशा पाहिला, पेन काढलं आणि नेमकी तिथेच झोकात सही ठोकली. शनिवारी क्लबात सगळ्यांना सांगितलं, "ये मेरा नया अड्डा." मी म्हटलं, चालवणार मी होते ना? "अप्रूव किसने किया?" म्हणून हसला. वर आणखी, "तुझे तो सारे रास्ते पता हैं, तू खेल भी नहीं सकती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे डोळे फोडले मी, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! बरं, चालवायची अक्कल तरी? एकाने ती कच्ची भिंत फोडली, तर हा पाणी सोडायलाच विसरला. "पाणी, पाणी!" मी ओरडले. "चुप बैठ ना," तो म्हणाला.

घरी येऊन थयथयाट केला. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. मोठ्या साहेबांचा मुलगा तो. काम चांगलं झालं ना आपलं?"

"तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली राहिलात. मला नाही राहायचं!"

हे मी बोलले. बाबांना. ते उठून गॅलरीत गेले.

पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर क्लबात आले. मला वाटलं, आता होऊ दे एकदाचं. बाबांनी हात जोडले आणि त्या वीस वर्षांच्या पोराला म्हणाले, "सर, एक बार बिटिया को चलाने दीजिए. मेहनत उसी की है."

सर!

तोसुद्धा ओशाळला. "अरे अंकल, बिलकुल," म्हणत खुर्ची सोडून उठला.

त्या दिवशी खेळ मी चालवला. रागारागाने चालवला. भिंत फुटली, पाणी आलं, सगळ्यांत आधी त्याचाच हिरो बुडाला, आणि पोरांनी टेबल बडवून आरडाओरडा केला. तोवर दोन तास बाबा दाराशी उभे होते, कारण क्लब ऑफिसरांचा; सूट फक्त पोरांना. आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. त्या 'सर'चा मला इतका राग आला होता, की मीही म्हटलं नाही.