इरफानच्या एका बोटासाठी

इरफान आज सकाळी गेला.
त्याची बोटं नव्वदच्या दशकातच गेली होती.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कवठे महांकाळचा पोरगा. सांगलीत आम्ही एकाच ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचो, साखर कारखान्यांसाठी.

त्याला स्नायू गळत जाण्याचा आजार. आधी डावा हात गेला. मग उजव्याचं एकच बोट उरलं.
मिरजेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यावर औषध नाही.

त्या एका बोटावर गडी काम करायचा.
"हे सुटलं तर घरी पडून आढं बघत बसायचं," म्हणायचा.

अशात प्रोग्रॅम टाईप करायचा नवीन एडिटर आला. प्रोग्रॅममधल्या कुठल्याही नावाची दोन अक्षरं टाकली की खाली लिस्ट पडायची. टॅबचं बटण दाबलं की अख्खं नाव हजर.
इरफान खूश. "आता मी अजून लय टिकतो गं."

पण लिस्ट पडायची ती समोरच्या फाईलीतल्या नावांचीच.
आमची खरी फंक्शनं, म्हणजे सगळीकडं लागणारे हिशेबाचे तयार तुकडे, एका कॉमन फाईलीत. प्रोग्रॅममध्ये तिचा पत्ता टाकून ती आम्ही इन्क्लूड करायचो, म्हणजे जोडून घ्यायचो. तिच्यातलं एक नाव लिस्टमध्ये येईल तर शपथ. प्रोग्रॅम मात्र त्या फाईलीसकट व्यवस्थित कंपाईल व्हायचा, चालायला तयार.

त्यात आमच्या ऑफिसच्या सरांना फंक्शनची नावं मारुतीच्या शेपटासारखी लागायची. एकेक नाव टाईप करताना इरफानला घाम फुटायचा. बघवायचं नाही.

मी पडले साताऱ्याची, डोक्यानं तापट. आजारापुढं हात टेकलेत, निदान हे तरी दुरुस्त करू, म्हणून हटूनच बसले.
एडिटर काढून परत टाकला. सेटिंग उलटंपालटं केलं. पुण्याच्या मित्राला एसटीडीवरून फोन लावला. तो म्हणाला, "एडिटरला फाईल सापडत नसेल."
मी त्याच्यावरच खेकसले. सापडत नाही तर कंपाईल कशी होते?

यात महिने गेले. बोट थकत चाललं होतं.

शेवटी इरफानच म्हणाला, "आपली फ्लॉपी कुठं असती गं?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली.
सरांची हार्ड डिस्क एकदा उडाली होती. तेव्हापासून कॉमन फाईल फक्त फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी गणपतीच्या फोटोपाशी. हळदकुंकू लावलेली. कंपाईल करताना घालायची, झालं की परत देवापाशी.
आम्ही टाईप करताना ड्राइव्ह रिकामाच. एडिटर बिचारा वाचणार काय, कपाळ?

सरांशी भांडून मी फाईलची कॉपी हार्ड डिस्कवर घेतली. इन्क्लूडचा पत्ता बदलला.

इरफाननं जोर लावून दोन अक्षरं टाकली.
लिस्ट पडली. सगळी नावं.

मी टाळ्या वाजवत होते. तो टॅबवर बोट ठेवून बसला होता.

"दाब की रं."
"दाबतोय गं. दबंना."

परत दाबून बघितलं. परत.
मग बोट बाजूला घेतलं. "तू दाब."

मी दाबला. नाव पूर्ण झालं.
"चालतंय बघ," म्हणाला. "आता तुमी वापरा."

दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा येऊन त्याला घेऊन गेले. त्यानंच निरोप धाडला होता.

नंतर मी भेटायला जायची. तो मलाच विचारायचा, "काम कसं चाललंय?"
 

दुपारच्या नमाजानंतर कवठ्यात त्याला माती देणार आहेत. मी निघालेय.

इरफान, तुझ्यासाठी काही म्हणजे काहीच करता आलं नाही रं आम्हाला.
शेवटचा सलाम, गड्या.