हेकरूचा श्रावण

ऐंशीच्या दशकात दादाने आमच्या जोगेश्वरीच्या दोन खोल्यांत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आणली. टाकी त्याची, मासा त्याचा, मित्रांची वाहवा त्याची. घासायचं काम मात्र माझं, कारण मी मुलगी. मी तेव्हा कॉलेजात होते आणि दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन, कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात हात घालून, काचेवरचं शेवाळ खरवडत बसायचे.

मासा होता हेकरू. वर्सोव्याच्या एका कोळणीकडून जिवंत आणलेला, वीतभर लांब, समोर येईल ते गिळणारा. रविवारी दुपारी दादाचे मित्र जमायचे. दादा मूठमूठ कोलंबी टाकायचा, हेकरू आ वासून गिळायचा, मित्र "झकास रे" म्हणायचे. उरलेली कोलंबी दगडांमागे कुजायची आणि दोन दिवसांत काच पुन्हा हिरवी. मी म्हटलं, खाणं कमी कर. तो म्हणाला, "तुला नीट घासता येत नाही, ते बोल ना." मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने शेवाळ खाणारे सहा छोटे बोईट मासे आणले. हेकरू त्यांना खाईल, असं मी बजावलं होतं. सकाळी टाकीत एकटा हेकरू होता आणि दादा हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग श्रावण लागला. आमच्याकडे महिनाभर मासळी उंबऱ्याच्या आत येत नसे. आईने तोच नियम हेकरूला लावला. "श्रावणात ह्या घरात सुंगटा येवची नाय," ती दादाला म्हणाली. सुंगटा म्हणजे कोलंबी. आई मालवणीत बोलली की विषय संपला. दादा रुसून टाकीकडे बघेनासा झाला. मासा उपाशी मरेल म्हणून मीच, श्रावण न पाळणाऱ्या शेजारच्या काकूंकडून, चार दिवसांतून एकदा एक कोलंबी मुठीत लपवून आणायचे. आई तेवढ्यापुरतं तोंड फिरवायची. हेकरू टुणटुणीत राहिला. आणि काच महिनाभर स्वच्छ राहिली.

"बघ," मी दादाला म्हटलं.

"पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून," तो म्हणाला.

गणपती गेले, मूठमूठ कोलंबी पुन्हा सुरू झाली. आठवड्यात काच हिरवी. पाऊस चालूच होता, ऊन तेव्हाही नव्हतं. दादा म्हणाला, "ब्रश घे." मी म्हटलं, "तू घे. मी आजपासून हात लावणार नाही."

त्यानेही लावला नाही. पाण्याला वास यायला लागला. हेकरू वर येऊन धापा टाकू लागला. कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याचा भरलेला कॅन होता. अर्धं पाणी बदललं असतं तर तो वाचला असता. हे दादाला सुचत नव्हतं, मला ठाऊक होतं. पण मला दादाला हरलेला बघायचं होतं. दोन दिवस मी पुस्तक समोर धरून त्या माशाचे कल्ले बघत बसले. तिसऱ्या दिवशी तो उताणा तरंगत होता.

हिने घासलं नाही म्हणून मेला, असं दादाने सगळ्यांना सांगितलं. अजूनही पाहुण्यांसमोर, जेवता जेवता सांगतो. कोलंबीबद्दल चकार शब्द काढत नाही. माझं डोकं फिरतं, मी दर वेळी भांडते, कोलंबीचं सगळं सांगते. कॅनचं मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.